वाघांना नवे रक्त हवे. मग त्यांची वाट कोण अडवतो?

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातून २०२४ च्या ऑक्टोबर आणि नोव्हेंबर महिन्यांत दोन वाघिणी ओडिशातील सिमिलीपाल व्याघ्र प्रकल्पात नेण्यात आल्या. एकीचे नाव जमुना, दुसरीचे झीनत. झीनत नव्या जंगलात थांबलीच नाही. ती झारखंडमार्गे पश्चिम बंगालात गेली. गावोगावी लोक धास्तावले, वन विभागाची पथके मागे धावली आणि अखेर २९ डिसेंबर २०२४ रोजी बांकुरा जिल्ह्यात तिला बेशुद्ध करून पकडण्यात आले. त्या काळात वृत्तवाहिन्यांनी तिची रोजची चाल दाखवली. पण दोन वाघिणींना चंद्रपूरहून एवढ्या लांब का न्यावे लागले, हा मूळ प्रश्न मात्र कोणी नीट समजावून सांगितला नाही.

त्याचे उत्तर जनुकशास्त्रात आहे. आणि त्या उत्तराचा संबंध चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा, यवतमाळ या जिल्ह्यांतील जंगलकाठच्या कष्टकरी माणसांशी थेट येतो. म्हणून हा विषय जीपमधून वाघ पाहणाऱ्या हौशी मंडळींवर सोडून देणे आम्हाला परवडणारे नाही.

आधी विज्ञान समजून घेऊ. प्रत्येक प्राण्याला प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. एखादी प्रत सदोष असली तरी दुसरी चांगली असेल तर बहुधा काम भागते, दोष झाकला जातो. पण कळप लहान असेल, चारही बाजूंनी कोंडलेला असेल आणि पिढ्यान्‌पिढ्या जवळच्या नात्यातच पिल्ले होत असतील, तर दोन्हीकडून तीच सदोष प्रत येण्याचा संभव वाढतो. याला अंतःप्रजनन म्हणतात. मग प्रजननक्षमता घटते, शरीरात व्यंगे दिसू लागतात, रोगाशी झुंजण्याची ताकद कमी होते. वरवर पाहता जनावरे धडधाकट दिसतात, संख्याही वाढलेली असते. एखादी साथ आली की खरी अवस्था उघडी पडते.

सिमिलीपालमध्ये ही अवस्था वाघाच्या अंगावरच उमटली आहे. तेथील अनेक वाघांचे काळे पट्टे इतके रुंद आणि एकमेकांत मिसळलेले असतात की वाघ काळाच वाटतो. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात याचे कारण दाखवले. एका जनुकातील एकाच बदलामुळे हे पट्टे असे होतात. मांजरांच्या अंगावरील ठिपक्यापट्ट्यांचा आकारही याच जनुकावर ठरतो. जंगलातल्या वाघांत हा बदल सिमिलीपालबाहेर कोठेही सापडला नाही. ओडिशा सरकारच्या २०२३-२४ च्या गणनेत सिमिलीपालमध्ये २७ प्रौढ वाघ आढळले आणि काळ्या पट्ट्यांचे प्रौढ वाघ होते १३. म्हणजे जवळजवळ निम्मे! काळा रंग हा स्वतः काही रोग नव्हे. पण बाहेरून कोणी येत नाही, आतून कोणी जात नाही, याची ती साक्ष आहे.

आता सत्ताधाऱ्यांची दृष्टी पाहा. शास्त्रज्ञ ज्याला कोंडीचे लक्षण म्हणत होते, त्याच काळ्या वाघांची सफारी बारीपदाजवळ उभारण्याची घोषणा ओडिशाच्या तत्कालीन सरकारने जानेवारी २०२४ मध्ये केली. जगातील पहिली काळ्या वाघांची सफारी, असा तिचा गाजावाजा झाला. एकीकडे नवे रक्त आणण्यासाठी ताडोबाच्या वाघिणी मागायच्या आणि दुसरीकडे जुन्या रक्ताच्या कोंडीचे तिकीट विकायचे! संशोधनातील सोयीचे तेवढे घ्यायचे आणि गैरसोयीचे बाजूला ठेवायचे, ही सवय इथूनच ध्यानात घ्यावी. पुढे ती पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

बाहेरून प्राणी आणून कोंडलेला कळप सावरता येतो, हे खरे आहे. अमेरिकेत फ्लोरिडातील प्यूमा हा मोठा मांजरवर्गीय प्राणी वीस-तीसवर येऊन ठेपला होता. शेपट्या वाकड्या, हृदयात दोष, नरांत प्रजननाच्या अडचणी. १९९५ मध्ये टेक्सासमधून आठ माद्या आणून तेथे सोडल्या. त्यांची पिल्ले झाली, दोष कमी झाले आणि पुढे संख्या अनेक पटींनी वाढली. म्हणून सिमिलीपालला वाघिणी पाठवण्यास आमचा विरोध नाही. ते जंगल इतर वाघांच्या जंगलांपासून इतके तुटले आहे की तेथे वाघ आपल्या पायांनी पोहोचणे जवळपास अशक्य झाले आहे. तेथे ट्रक लागणारच.

आमचा प्रश्न वेगळा आहे. जेथे वाघ अजूनही आपल्या पायांनी जाऊ शकतो, तेथे त्याची वाट तोडून पुढे ट्रकची सोय करण्याचा उद्योग कशासाठी?

मध्य भारताच्या जंगलांविषयी गेल्या पंधरा-वीस वर्षांत बरेच जनुकीय संशोधन झाले आहे. ते करण्यासाठी वाघ पकडावा लागत नाही. जंगलात पडलेली विष्ठा गोळा करतात. तिच्यात वाघाच्या आतड्यातील पेशी असतात, त्यातून डीएनए मिळतो. त्यावरून हा वाघ नर की मादी, कोणाचा नातलग, त्याचे पूर्वज कोणत्या जंगलातले, हे काढता येते. मेळघाट, पेंच, कान्हा, सातपुडा, ताडोबा यांची अशी तपासणी झाली आहे. निष्कर्ष दिलासा देणारा होता. ही जंगले एकमेकांपासून पुरती तुटलेली नाहीत. मधल्या राखीव नसलेल्या जंगलांतून, शेतांच्या कडेने, नाल्यांच्या काठाने वाघ ये-जा करतात आणि त्यांचे रक्त मिसळते. अडथळा होतो तो वर्दळीच्या मोठ्या रस्त्यांचा आणि दाट वस्तीचा.

यात आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे. जनुकशास्त्रज्ञांचा जुना ठोकताळा असा की एका पिढीत निदान एक बाहेरचा प्राणी येऊन त्याची पिल्ले झाली तरी कोंडी बरीच फुटते. त्यासाठी वाघांचे तांडे हलवावे लागत नाहीत. २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ विदर्भ, तेलंगण, मराठवाडा असा फिरत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याच्या गळ्यातील रेडिओ कॉलरवरून काढलेली एकूण चाल काही महिन्यांत तीन हजार किलोमीटरच्या आसपास भरली. सरकारचा एक रुपया प्रवासखर्च लागला नाही! दुर्दैवाने ज्ञानगंगेत त्याला जोडीदारीण मिळाली नाही. पण वाट उघडी असेल तर वाघ काय करू शकतो, हे त्याने दाखवून दिले.

या वाटांनाच वन्यजीवशास्त्रात कॉरिडॉर, आपल्याकडे भ्रमणमार्ग म्हणतात. त्यांना कायद्याचे संरक्षणही आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये २००६ साली दुरुस्ती झाली आणि कलम ३८-ओ आले. व्याघ्र प्रकल्प आणि संरक्षित क्षेत्रांना जोडणारे प्रदेश पर्यावरणाला न पेलणाऱ्या कामांसाठी वळवले जाऊ नयेत, हे पाहण्याचे काम या कलमाने राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणावर सोपवले. अपवाद फक्त सार्वजनिक हिताचा, तोही राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या मान्यतेने आणि प्राधिकरणाच्या सल्ल्याने. कायदा स्पष्ट आहे. पण भ्रमणमार्ग नेमका कोठून कोठपर्यंत, हे ठरवताना पळवाट निघते. २०१४ मध्ये प्राधिकरण आणि भारतीय वन्यजीव संस्थेने देशातील ३२ प्रमुख भ्रमणमार्गांचे नकाशे काढले. ते संगणकाने काढलेले अंदाज होते, आणि त्या वेळी ते उपयोगीच होते. त्यानंतर विष्ठेतील डीएनए, रेडिओ कॉलर, कॅमेरे यांचा कितीतरी पुरावा जमा झाला आहे. विदर्भात भ्रमणमार्ग ठरवताना कोणता अभ्यास धरायचा आणि कोणता सोडायचा, हा वाद २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. वकिली करणाऱ्या कोणालाही यातील मेख लगेच कळेल. नकाशा अरुंद केला की मधली जमीन खाणीला, रस्त्याला, प्रकल्पाला मोकळी होते. प्रत्यक्ष पुरावा समोर असताना जुन्या अंदाजाला चिकटून राहायचे, याला न्याय म्हणत नाहीत.

वाट तुटली की काय होते, ते चंद्रपूर जिल्ह्याने पाहिले आहे. बल्लारशा-गोंदिया रेल्वेमार्ग जंगलातून जातो. नोव्हेंबर २०१८ मध्ये या मार्गावर वाघाचे तीन बछडे रेल्वेखाली सापडून मेले. उलट, वाट राखली की काय होते, तेही नागपूर-शिवनी महामार्गावर दिसले. पेंचच्या जंगलातून चौपदरी रस्ता काढण्याचे ठरले, तेव्हा प्रकरण नागपूर खंडपीठात गेले आणि बऱ्याच रेट्यानंतर महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांसाठी लहानमोठे नऊ पूल आणि भुयारी मार्ग बांधले गेले. पुढे भारतीय वन्यजीव संस्थेने तेथे कॅमेरे लावले, तेव्हा वाघासह १८ प्रकारचे वन्यप्राणी त्या पुलांखालून जाताना टिपले गेले. म्हणजे विकास आणि वन्यजीव यांत एकाचीच निवड करावी लागते, हा प्रचार खोटा आहे. पैसा थोडा जास्त लागतो आणि इच्छा लागते. ती इच्छा न्यायालयाने कान पिळल्याशिवाय निर्माण होत नाही, हा आपला अनुभव.

विज्ञानाचा सोयीने वापर करण्याचे याहून मोठे उदाहरण गीरच्या सिंहांचे आहे. आशियाई सिंह जंगलात फक्त गुजरातमध्ये उरला. त्याच्यात जनुकीय वैविध्य अत्यंत कमी आहे, हे १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांपासून माहीत आहे. एकच साथ सगळ्यांना गाठू शकते, म्हणून काही सिंह दुसऱ्या जंगलात हलवावेत, असे ठरले. मध्य प्रदेशातील कुनो निवडले गेले. त्यासाठी कुनोतील २४ गावे, सुमारे १,५०० कुटुंबे उठवण्यात आली. त्यांत बहुसंख्य सहारिया आदिवासी. त्यांनी जमीन सोडली, डिंक, तेंदू, मध यांवर चालणारा संसार सोडला. सिंह मात्र आला नाही. गुजरात सरकारने तो राज्याच्या अभिमानाचा विषय केला. १५ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट निकाल दिला की वन्यप्राणी कोणा राज्याच्या मालकीचे नाहीत, आणि सहा महिन्यांत सिंह हलवण्याचा आदेश दिला. तो निकाल आजही कागदावर आहे. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१८ मध्ये गीरमध्ये वीसहून अधिक सिंह मेले आणि कॅनाइन डिस्टेंपर हा विषाणू आढळला. शास्त्रज्ञांची भीती खरी ठरू लागली होती, तरी सिंह हलले नाहीत. त्याच २०१३ च्या निकालाने आफ्रिकन चित्ते आणण्याचा आदेश रद्द ठरवला होता. जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर परवानगी दिली आणि १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाचे चित्ते कुनोत उतरले.

सहारियांनी घरे सोडली ती देशी सिंहासाठी. त्या जागेत आला परदेशी चित्ता. या व्यवहारात त्यांना कोणी विचारले? जनुकीय कारण दाखवून माणसे हलवली गेली. त्याच कारणासाठी सिंह हलवायची वेळ आली, तेव्हा राज्याचा अभिमान आडवा आला. माणूस हलवणे सोपे, कारण तो सहारिया होता.

ओडिशातील सातकोसियाची कथाही विसरता कामा नये. २०१८ मध्ये मध्य प्रदेशातून महावीर हा वाघ आणि सुंदरी ही वाघीण तेथे आणली. गावकऱ्यांना विश्वासात घेतले नव्हते. एका महिलेचा बळी गेला, लोक भडकले. नोव्हेंबर २०१८ मध्ये महावीर मेलेला सापडला. सुंदरीला पिंजऱ्यात ठेवावे लागले आणि २०२१ मध्ये परत मध्य प्रदेशात पाठवावे लागले. प्रयोगशाळेचा अहवाल कितीही अचूक असला तरी जंगलातल्या माणसाची संमती नसेल तर त्याचे असे होते. हा धडा आता महाराष्ट्रालाही हवा. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातील एक वाघीण सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात नेण्यात आली. केंद्राची मंजुरी एकूण आठ वाघांना आहे. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरीच्या डोंगरी गावांना याची पूर्ण माहिती त्यांच्या भाषेत मिळाली पाहिजे.

आता ज्या माणसांच्या खांद्यावर हे सगळे ओझे आहे, त्यांच्याकडे वळू. २०२२ च्या गणनेनुसार महाराष्ट्रात ४४४ वाघ आहेत आणि त्यांतील फार मोठा हिस्सा एकट्या चंद्रपूर जिल्ह्यात आहे, तोही ताडोबाच्या सीमेबाहेर, शेता-गावांच्या मधल्या जंगलात. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात ठार झाल्या. मोहफुले वेचणारी, सरपण आणणारी, गुरे राखणारी, धानाच्या बांधावर वाकलेली माणसे मरतात. ती आदिवासी आहेत, बौद्ध आहेत, ढिवर, कुणबी, माळी आहेत. शासन वारसांना २५ लाख रुपये देते. पैसा हवाच. पण पुढचा बळी जाऊ नये यासाठी शासन काय करते?

येथे जनुकशास्त्र माणसाच्याही कामी येऊ शकते. हल्ल्यानंतर मृताच्या कपड्यांवरील, जखमेवरील लाळेतून वाघाचा डीएनए मिळतो. यवतमाळच्या पांढरकवडा भागातील टी-१ वाघिणीच्या प्रकरणात २०१८ मध्ये अशी तपासणी झाली. नेमका कोणता प्राणी, हे आठवडाभरात कळले तर निरपराध वाघ पकडला जाणार नाही आणि खरा धोका मोकळा राहणार नाही. पण असा अहवाल ठरलेल्या मुदतीत मिळेल आणि गावाला वाचून दाखवला जाईल, अशी हमी आज कोणत्या गावाला आहे?

याच माणसांना आता गाव सोडायला सांगितले जात आहे. जून २०२४ मध्ये व्याघ्र प्राधिकरणाने राज्यांना पत्र लिहून व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील ५९१ गावे, ६४,८०१ कुटुंबे यांच्या पुनर्वसनाला गती देण्यास सांगितले. ताडोबातील बोटेझरी, नवेगाव (रामदेगी), जामणी ही गावे यापूर्वीच उठली आहेत. कायदा काय म्हणतो? वनहक्क अधिनियम २००६ च्या कलम ४(२) नुसार आधी हक्कांची नोंद पूर्ण झाली पाहिजे, सहजीवनाचा दुसरा वाजवी पर्याय नाही हे ठरले पाहिजे आणि ग्रामसभेची मोकळी, माहितीपूर्ण, लेखी संमती मिळाली पाहिजे. हक्कांची नोंदच झालेली नसताना घेतलेली सही म्हणजे संमती नव्हे.

आमच्या वाचकांपैकी अनेकांची कुटुंबे या कायद्यात 'इतर पारंपरिक वननिवासी' या गटात मोडतात. त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. विचार करा. वाघाचे कूळ त्याच्या विष्ठेच्या एका तुकड्यावरून मान्य होते. माणूस मात्र त्याच मातीत आजोबा-पणजोबांची हाडे असूनही कागद नाही म्हणून बेदखल ठरतो. ज्यांना शिक्षण आणि जमीन दोन्ही नाकारले गेले, त्यांच्याकडे ७५ वर्षांपूर्वीचा कागद येणार कोठून? म्हणून एक गोष्ट प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावी. वनहक्क नियमांतील नियम १३ नुसार गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हाही पुरावा आहे. जुनी विहीर, स्मशान, देवस्थान, घराच्या खुणा याही पुरावा आहेत. निदान दोन प्रकारचे पुरावे जोडा. केवळ कागदी दाखला नाही म्हणून दावा फेटाळला तर अपील करा.

आणि ग्रामसभेच्या हाती जंगल आले तर वाघाचे नुकसान होईल, असे म्हणणाऱ्यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगाव पाहावे. सामूहिक वनहक्क मिळाल्यावर या गावाने बांबूवर रोजगार उभा केला, झाडे तोडावी आणि आग लावावी लागते म्हणून तेंदूपत्त्याचे उत्पन्न सोडले आणि सुमारे ३४ हेक्टर जंगल स्वतःहून राखून ठेवले. अशी गावे एकाशेजारी एक उभी राहिली तर भ्रमणमार्ग आपोआप तयार होतो. त्याला कुंपण लागत नाही, गोळी लागत नाही, विस्थापनही लागत नाही.

तेव्हा आमच्या मागण्या सरळ आहेत. एक, विदर्भातील भ्रमणमार्ग डीएनए, कॉलर आणि कॅमेरे यांच्या ताज्या पुराव्यावर ठरवा आणि त्यांचे मराठी नकाशे प्रत्येक ग्रामसभेला द्या. दोन, त्या मार्गावर खाण, रस्ता किंवा रेल्वे मंजूर करण्यापूर्वी हा पुरावा जनतेसमोर मांडा. तीन, वाघ हलवण्यापूर्वी दोन्हीकडच्या गावांशी बोला आणि कॉलरवरून वाघ गावाजवळ आल्याची सूचना गावाला त्याच वेळी मिळू द्या. चार, मानवी मृत्यूनंतरच्या डीएनए तपासणीला मुदत बांधा. पाच, जंगलात पायी फिरून वाघाच्या खुणा शोधणाऱ्या रोजंदारी वनमजुरांना कायम वेतन आणि विमा द्या. सहा, वनहक्काचे दावे निकाली काढल्याशिवाय पुनर्वसनाचा शब्दही काढू नका.

वैज्ञानिक दृष्टिकोन हे संविधानाने प्रत्येक नागरिकाला सांगितलेले कर्तव्य आहे, आणि वन्यजीवांचे रक्षण हेही. अनुच्छेद ५१-क मध्ये दोन्ही एकापाठोपाठ लिहिली आहेत. सरकार या कर्तव्यातून सुटत नाही. जनुकशास्त्राने वाघाच्या बाजूने साक्ष दिली आहे की त्याला वाट हवी. ती वाट ज्या गावांच्या शिवारातून जाते, त्या गावांची साक्ष नोंदवल्याशिवाय हा खटला पुढे चालू देऊ नका. येत्या ग्रामसभेत माहितीच्या अधिकाराखाली आपल्या भागाच्या व्याघ्र संवर्धन आराखड्याची प्रत मागवण्याचा ठराव करा. आराखडा हातात आला की पुढची लढाई पुराव्यानिशी लढता येईल.